पुठ्ठा

रात्री गाडीखाली मी फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा सरकवला,
चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले. इथल्या वाऱ्याचा भरवसा नाही.
सकाळी एमलिन रॉबर्ट्स आले तेव्हा
मी गुडघ्यांवर बसून ठिपके वाचत होते.

काळा, दाट, पुढच्या अंगाला : इंजिनचं तेल. ते चालायचंच.
मधाच्या रंगाचे दोन, मध्यावर : गिअरबॉक्स.
हिरवा एकच, अजून ओला.
"या हिरव्याची मला धास्ती वाटते," मी म्हणाले.
त्यांनी टोपी काढून हातात धरली,
आत कुणाला तरी ॲडमिट केलेलं असावं तशी.

त्र्याऐंशी सालची पेजो पिकअप, डिझेल, मूळचा रंग पांढरा.
किलोमीटरचा काटा चार लाख बारा हजारांवर अडकलाय
त्याला अकरा वर्षं झाली. पुढचं कुणी मोजलं नाही.
मेंढ्या वाहिल्या, गवताचे भारे, एकदा चर्चचा ऑर्गन,
एकदा तर अडलेली बाई, जी दवाखान्याआधीच मोकळी झाली,
असं ते सांगतात, आणि मागच्या फळीवरून हात फिरवतात.

जायचं होतं त्रेवेलीनला, बहिणीकडे.
गायमानहून सहाशे किलोमीटर आणि वर थोडे.
दोलावोन, लास प्लुमास, लोस आल्तारेस, पासो दे इंदिओस, तेका :
नावं एवढीच. मधे फक्त मधलं.

लिहुएनने स्टार्टर मारला.
पांढरा धूर अर्ध्या मिनिटात विरला, निळा रेंगाळला.
तिसरं सिलिंडर दमेकरी.
रेडिएटरची नळी दाबली तर शिळ्या पावासारखी कुरकुरली.
टायरांची नक्षी खोल, नवी दिसावी अशी,
पण कडेला बारीक चिरा; आकडे पुसून पाहिले,
अठरावा आठवडा, दोन हजार नऊ.
"फारशी चालवलीच नाही हो," ते म्हणाले.
त्याचंच तर रबराला वावडं आहे.

मी हात पुसले. मला गोड बोलता येत नाही.
म्हटलं, नळी बदलते, पट्टा बदलते, पुढचे दोन टायर घ्या.
सत्तरच्या वर जाऊ नका. वारा पश्चिमेचा,
जाताना सगळा वेळ तोंडावर, गाडी धापा टाकणार.
प्रत्येक गावात थांबा, बॉनेट उघडा, निवू द्या.
मग पोहोचेल.
येताना वारा पाठीशी, उतारही आपल्या बाजूचा,
पण येण्याचा शब्द मी देत नाही.

"येण्याचं मी विचारलंच नव्हतं, सेन्योरा."

लिहुएनने रेडिओ बंद केला. का, त्यालाच ठाऊक.
एमलिन पुठ्ठ्याकडे बघत होते.
मंगळवारी घराचे कागद झाले, ते म्हणाले,
खाट, भिंतीवरचं घड्याळ, आणि चुलीचं लोखंडी दार तेवढं घेतो.
चुलीचं दार कशाला, हे विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं.
मी पान्हा शोधत राहिले, जो माझ्या खिशातच होता.

बिलात नळी लावली, पट्टा लावला, मजुरी अर्धी.
जास्तीचा एक पट्टा सीटखाली टाकला, न सांगता.
त्यांनी मोजून पैसे दिले आणि वर चीजचा एक गोळा,
कपड्यात बांधलेला, माझ्या बाकावर ठेवून गेले, तोही न सांगता.

पुठ्ठा दुसऱ्या दिवशी एका टॅक्सीखाली गेला.
आता त्यावरचे कोणते ठिपके कुणाचे, सांगता येत नाही.

शनिवारी लोकरीचा ट्रक घेऊन ओस्वाल्दो आला, पश्चिमेकडून.
म्हणाला, लोस आल्तारेसच्या अलीकडे, लाल कड्यांपाशी,
एक पांढरी पिकअप उभी होती, बॉनेट वर,
ताडपत्रीखाली खाटेचे पाय दिसत होते.
म्हातारा दगडावर बसून सफरचंद कापत होता.
मी काच खाली केली, हॉर्न दिला, काही मदत हवी का विचारलं.
त्याने चाकूनेच मला पुढे जायची खूण केली.
म्हणाला, निवू दे.